धौलाधारच्या वाटेवरील पांच देवी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघर घट बसतात आणि महाराष्ट्रांतील प्रत्येक कुळाला आपापली देवी आठवते. कोणाची तुळजापुरची, कोणाची कोल्हापुरची, कोणाची माहूरची. आणि साडेतीन पीठांपैकीं अर्धें पीठ म्हणून ओळखली जाणारी सप्तशृंगी तर डोंगराच्या कड्यांतच उभी आहे. देवीला डोंगर आवडतो, हें मराठी माणसाला निराळें सांगावें लागत नाहीं. परंतु पंजाबच्या सपाटीवरील शेतकरी, होशियारपूरचा सुतार किंवा दिल्लीचा दुकानदार आपली देवी कोणत्या डोंगरांत शोधतो, याची कल्पना इकडे पुष्कळांना नसते. वैष्णोदेवीचें नांव आतां सर्वांच्या कानांवरून गेलें आहे. तिच्या आग्नेयेस, हिमाचल प्रदेशाच्या खालच्या डोंगरांत, आणखी पांच स्थानें आहेत: नैनादेवी, चिंतपूर्णी, ज्वालामुखी, कांगड्याची वज्रेश्वरी आणि चामुंडा. उत्तरेकडील लोक या पांचांची यात्रा एका ओघांत करतात आणि श्रावणांतील व दोन्ही नवरात्रांतील मेळ्यांना त्या डोंगरांतील वाटा माणसांनीं भरून जातात.

सतीच्या देहत्यागाची आणि शिवाच्या खांद्यावरून गळून पडलेल्या तिच्या अवयवांची कथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. त्या कथेप्रमाणें कोठें डोळे पडले, कोठें जीभ, कोठें चरण. भूगोल पाहूं जातां हीं स्थानें हिमालयाच्या पायरीवर आहेत असें म्हणावें लागेल. प्रथम शिवालिकच्या ठिसूळ वालुकाश्माच्या टेकड्या, त्यांवर चिडाचीं झाडें. मग कांगड्याचें हिरवें खोरें, भाताचे वाफे आणि चहाचे मळे. आणि त्या खोऱ्याच्या पाठीमागें, मधली पायरीच न ठेवतां, एकदम पंधरा हजार फुटांच्या घरांत जाणारी धौलाधारची भिंत. बदरीनाथ-केदारनाथासारखी बर्फाची भीति या यात्रेंत नाहीं. पांचहि ठिकाणांजवळ मोटार जाते. येथें यात्रेकरूला डोंगरापेक्षां गर्दीचें भय अधिक आहे, आणि तें किती खरें आहे याचा दाखला पहिल्याच देवळाजवळ मिळतो.

नैनादेवीचें देऊळ बिलासपूर जिल्ह्यांत एका टेकडीच्या अगदीं माथ्यावर आहे. येथें सतीचे नेत्र पडले अशी श्रद्धा आहे आणि वर उभें राहून चहूंकडे पाहिलें म्हणजे स्थानाचें नांव सार्थ वाटतें. एका अंगाला भाक्रा धरणानें अडविलेला गोविंदसागराचा निळा विस्तार, दुसऱ्या अंगाला शिखांचें आनंदपूर आणि त्यापलीकडे धुरकट होत गेलेली पंजाबची सपाटी. गुरु गोविंदसिंगानें या टेकडीवर मोठा होम केला असें सांगतात, म्हणून शिखांचाहि ओढा या स्थानाकडे आहे.

२००८ च्या ऑगस्टची ३ तारीख ही श्रावणांतील मेळ्याचा रविवार होती. पाऊस पडत होता. अरुंद वाटेवर चढणारांची आणि उतरणारांची रांग एकमेकींना घासून चालली होती. तेवढ्यांत पावसाकरितां केलेल्या आडोशाचा कांहीं भाग कोसळला, कठडा तुटला आणि दरड कोसळली अशी आवई उठली. दरड कोसळलेलीच नव्हती. परंतु आवईचा वेग दरडीपेक्षां अधिक असतो. वरचे लोक जीव घेऊन खालीं धांवले, खालच्यांना काय झालें हें कळेना; आणि थोड्याच वेळांत सुमारें दीडशें माणसें चिरडून व गुदमरून मेलीं. त्यांत बायका व मुलें पुष्कळ होतीं.

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटूं नये. २००५ च्या जानेवारींत वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेंत अडीचशेंहून अधिक माणसें अशींच गेलीं. तेथें फुटलेल्या नारळांच्या पाण्यानें पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. दोन डोंगरांत शेंकडों मैलांचें अंतर. पण मरणाची रीत एकच. देऊळ शिखरावर, वाट एक, दिवस ठराविक आणि प्रत्येकाला आपलें दर्शन आजच, आतांच हवें. अशा वेळीं देवीचा कोप झाला असें म्हणणें सोपें असतें. परंतु जाण्याची वाट निराळी व येण्याची निराळी ठेवणें, एका वेळीं किती माणसें वर सोडावयाचीं तें ठरविणें आणि कठडे पावसाळ्यापूर्वीं तपासणें हीं कामें माणसांचीं आहेत, देवीचीं नव्हेत. ज्याला मेळ्याची हौस नाहीं अशा यात्रेकरूनें नवरात्र संपल्यावर, कार्तिकाच्या स्वच्छ उन्हांत जावें हें बरें. देवी तेव्हांहि तेथेंच असते, आणि गोविंदसागराचें पाणीहि तेव्हांच अधिक निळें दिसतें.

नैनादेवीहून वायव्येस उना जिल्ह्यांत चिंतपूर्णी आहे. चिंता पुरविणारी, म्हणजे मनांतील काळजी फेडणारी, ती ही देवी. तिला छिन्नमस्तिका असेंहि म्हणतात. पण नांवांतील उग्रपणा दर्शनांत मुळींच नाहीं. गाभाऱ्यांत एक लहानशी पिंडी, बाहेर जुना वड आणि त्या वडाला नवसाचे लाल दोरे. देऊळ पाहून होण्यास वेळ लागत नाहीं. ज्याला थोडी जिज्ञासा असेल त्यानें मात्र येथील पुरोहितांच्या वह्या पाहाव्या. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या मराठी माणसाला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ठाऊक असतात. आजोबा कोणत्या सालीं आले, बरोबर कोण होतें, त्यांची सही कशी होती, हें तेथें निघतें. चिंतपूर्णीच्या व ज्वालामुखीच्या वह्याहि त्याच जातीच्या. १९४७ च्या फाळणींत पश्चिम पंजाबांतील हिंदु कुटुंबें घरदार टाकून इकडे आलीं. जीं गांवें त्यांच्या डोळ्यांआड झालीं, त्यांचीं नांवें या लांबट वह्यांच्या पिवळ्या पानांवर राहिलीं. दर्शनाच्या रांगेंत तासन्‌तास उभा राहणारा एखादा मनुष्य नंतर या वह्यांपुढें बसतो आणि आपल्या पणजोबाच्या गांवाचें नांव बोटानें वाचतो, तेव्हां चिंतपूर्णी या नांवाचा आणखी एक अर्थ लागतो.

चिंतपूर्णीहून वीस-बावीस मैलांवर ज्वालामुखी. पांचांमध्यें सर्वांत प्रख्यात स्थान हेंच, आणि ती ख्याति न्याय्य आहे. येथें मूर्ति नाहीं, पिंडीहि नाहीं. कातळाच्या भेगांतून निघणाऱ्या निळसर ज्योति हीच देवी. सतीची जिव्हा येथें पडली असें म्हणतात आणि त्या ज्योतींचें लवलवणें पाहिल्यावर ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या दृष्टीचें कौतुक वाटतें. नऊ ज्योति मोजतात आणि त्यांना महाकाली, अन्नपूर्णा, हिंगलाज, विंध्यवासिनी, महालक्ष्मी, सरस्वती अशीं नांवें आहेत. मुख्य ज्योत चांदीनें मढविलेल्या कोनाड्यांत. पुजारी भक्तानें आणलेली खडीसाखर किंवा रबडी ज्योतीजवळ नेतो, देवीनें जिभेनें ती चाखली असें मानतात, आणि उरलेला प्रसाद भक्ताच्या हातीं येतो. शेजारींच गोरखनाथाच्या नांवाचें एक लहान कुंड आहे. त्यांतील पाणी खदखदत असल्याप्रमाणें दिसतें. हात घालावा तर तें थंड. पुजारी त्यावर पेटती काडी धरतो आणि क्षणभर ज्वाला उसळते.

ज्याला विज्ञानाची ओळख आहे त्याला यांत गूढ असें कांहीं वाटणार नाहीं. भूगर्भांतील ज्वालाग्राही वायु खडकांच्या भेगांतून वर येतो आणि एकदां पेटला म्हणजे पेटलेला राहतो. कुंडांत तोच वायु पाण्यांतून बुडबुड्यांनीं निघतो. ही शंका कांहीं आजची नव्हे. जहांगीर बादशहाच्या सैन्यानें १६२० सालीं कांगड्याचा किल्ला घेतला, आणि पुढें तो स्वतः या खोऱ्यांत आला. आपल्या आत्मवृत्तांत तो म्हणतो कीं, डोंगराच्या उतारावर गंधकाची खाण आहे, तिच्या उष्णतेनें या ज्वाळा निघतात आणि लोक त्याला चमत्कार समजतात. गंधकाचा तर्क चुकला. परंतु बादशहाच्या विचाराची दिशा बरोबर होती. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्यें सरकारचा तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला, आणि त्यानें आरंभीं ज्या ठिकाणीं जमिनींत भोंक पाडून पाहिलें त्यांत ज्वालामुखीचा परिसर होता. देवीनेंच जणुं खूण दाखविली होती. परंतु व्यापाराला पुरेल एवढा साठा कांहीं सांपडला नाहीं. देवळाला पुरेल एवढाच होता, असें म्हणावयाचें.

भाविकांच्या तोंडीं मात्र जहांगीर नाहीं, त्याचा बाप आहे. अकबरानें ज्योति विझविण्यासाठीं पाण्याचा पाट आणून सोडला, लोखंडी तवे ठेवले. तरी ज्योति विझल्या नाहींत. तेव्हां तो शरण आला आणि त्यानें सोन्याचें छत्र अर्पण केलें. परंतु त्याच्या मनांत गर्व राहिला होता, म्हणून तें सोनें कोणत्या तरी ओळखूं न येणाऱ्या धातूचें झालें. तें छत्र देवळांत आजहि दाखवितात. या गोष्टीविषयीं एक मौजेची माहिती आहे. अकबराच्या दोनशें वर्षें आधीं फेरोजशहा तुघलकानें नगरकोटावर, म्हणजे कांगड्यावर, स्वारी केली होती. त्याचा इतिहास लिहिणारा शम्स-इ-सिराज अफीफ मोठ्या रागानें सांगतो कीं, सुलतानानें ज्वालामुखीच्या देवतेवर सोन्याचें छत्र धरलें असें हिंदु लोक म्हणतात, पण तें साफ खोटें आहे. म्हणजे छत्र तेव्हांपासून आहे, बादशहा तेवढा बदलला! लोककथेला सत्ताधीशाचें नांव लागतें. तें कोणाचें याची तिला फारशी क्षिति नसते. दिल्लीचा धनी देवीपुढें वांकला एवढेंच तिला सांगावयाचें असतें.

याच फेरोजशहाविषयीं दुसरी एक गोष्ट इतिहासकार नमूद करतात, ती अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्वालामुखीच्या देवळांत तेराशें ग्रंथांचा संग्रह होता. सुलतानानें पंडितांना बोलावून त्यांतील कांहीं ग्रंथांचें फारशींत भाषांतर करविलें. स्वारीसाठीं आलेला राजा ग्रंथांपाशीं थांबला, ही गोष्ट छत्राच्या कथेइतकी देवळाच्या आवारांत कोणी सांगत नाहीं. ती सांगितली पाहिजे. पुढें रणजितसिंगानें देवळाच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला आणि त्याचा पुत्र खड्गसिंग यानें चांदीनें मढविलेले दरवाजे दिले.

आजकाल मोटारींतून येणारे यात्रेकरू ज्वालामुखी अर्ध्या तासांत उरकतात, कारण संध्याकाळपर्यंत कांगडा गांठावयाचा असतो. दोन दिवसांत पांच देवी, अशा जाहिरातीच भिंतींवर असतात. ही घाई समजण्यासारखी आहे, रजा थोडी आणि कुटुंब मोठें. पण जो येथें रात्रीं राहत नाहीं त्यानें ज्वालामुखी पाहिलीच नाहीं असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. दिवसभराची झुंबड ओसरल्यावर शेजारती होते. देवीसाठीं पलंग सजवितात, वस्त्रें व अलंकार मांडतात. जिला देह नाहीं, जी केवळ एक ज्योत आहे, तिच्यासाठीं अंथरूण घालावयाचें, उशी ठेवावयाची, यांतील माया पाहिली म्हणजे वायूचा प्रश्न आपोआप बाजूला राहतो. पुजाऱ्यालाहि वायु ठाऊक आहे आणि पलंगहि तो रोज घालतो.

कांगड्याच्या देवीचें नांव वज्रेश्वरी. ठाणें जिल्ह्यांत तानसेच्या कांठीं याच नांवाची देवी आहे आणि वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, चिमाजी आप्पानें तिला नवस केला होता; तेथील किल्ल्यासारखें देऊळ त्या नवसाचें फळ. कांगड्याच्या वज्रेश्वरीचें नशीब नेमकें उलट. येथील संपत्तीची कीर्ति ऐकून गझनीचा महमूद १००९ सालीं आला आणि अपार लूट घेऊन गेला. त्यानंतर देऊळ किती वेळां मोडलें आणि किती वेळां उभें राहिलें याचा हिशेब ठेवणें कठीण. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल लिहितो कीं, येथें येणारे कांहीं भक्त आपली जीभ कापून देवीला वाहतात आणि ती पुन्हा येते असा समज आहे. ध्यानू नांवाच्या भक्तानें तर शिरच वाहिलें, आणि त्या दिवसापासून शिराऐवजीं नारळ चालेल असा वर देवीनें दिला, अशी कथा या डोंगरांत सर्वत्र ऐकूं येते. नारळ फोडणाऱ्या मराठी हातांनीं ती ऐकून ठेवावी.

परंतु महमुदानें जें केलें नाहीं तें ४ एप्रिल १९०५ च्या सकाळीं झालें. सहा वाजून थोडा वेळ झाला होता. पुष्कळ माणसें अजून घरांत होतीं. भूकंपाचा धक्का बसला आणि देऊळ, किल्ला, बाजार, कचेऱ्या सारें कांहीं क्षणांत जमीनदोस्त झालें. या खोऱ्यांतील घरांना कच्च्या विटांच्या भिंती आणि वर पाटीच्या दगडांचीं जड छपरें असत. तीं छपरें निजलेल्यांच्या अंगावर आलीं. सुमारें वीस हजार माणसें मेलीं. आज जें देऊळ दिसतें तें त्यानंतर बांधलेलें आहे. त्याच्या तीन शिखरांत हिंदु, मुसलमान आणि शीख या तिघांच्या बांधणीच्या खुणा लोक दाखवितात. ज्या भूमीवर तें उभें आहे ती भूकंपाच्या दृष्टीनें देशांतील अत्यंत धोक्याच्या पट्ट्यांत मोडते. असें असूनहि देवळांच्या भोंवतीं धर्मशाळा आणि खानावळी मजल्यावर मजला चढवीत वाढत आहेत. १९०५ सालीं मेलेल्यांच्या पणतवंडांना हें कोणी सांगावें लागूं नये. पण यात्रेचा पैसा दर वर्षीं येतो आणि भूकंप शंभर वर्षांनीं.

वज्रेश्वरीचा एक आचार फार गोड आहे. महिषासुराशीं लढतांना देवीला जखमा झाल्या, त्यांवर देवांनीं लोणी लावलें, अशी समजूत आहे. म्हणून मकरसंक्रांतीला मणावारी लोणी थंड पाण्यांत पुनःपुन्हा धुऊन पिंडीवर थापतात, त्यावर सुकामेवा व फुलें बसवितात आणि आठवडाभर तें तसेंच ठेवतात. धौलाधारवरून येणाऱ्या माघाच्या थंडींत तें वितळत नाहीं. मग तें उतरवून वांटतात; हा प्रसाद खावयाचा नसतो, अंगाच्या दुखण्यावर लावावयाचा असतो. जिच्यापुढें जिभा आणि शिरें वाहिलीं गेलीं, तिलाच जखमा झाल्या म्हणून तिची शुश्रूषा करणें, हा विचार ज्या कोणा डोंगरी बाईच्या किंवा बुवाच्या मनांत प्रथम आला असेल त्याला इतिहासांत नांव नाहीं.

कांगड्याहून चामुंडेकडे जाण्यास सडक आहे. पूर्वीं पुष्कळ लोक रेल्वेनेंहि या खोऱ्यांतून फिरत. पठाणकोटपासून जोगिंदरनगरपर्यंत सुमारें शंभर मैलांचा हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग १९२९ सालीं सुरू झाला. जोगिंदरनगरच्या वीजकेंद्राचें सामान वाहण्याकरितां तो मुख्यतः घातला होता, पण यात्रेकरूंनीं तो आपलासा केला. ज्वालामुखी रोड नांवाचें स्टेशनच त्यावर आहे. बोगदे अगदीं थोडे, वळणें पुष्कळ, त्यामुळें धौलाधार गाडीच्या खिडकींतून बराच वेळ दिसत राहतो. ऑगस्ट २०२२ मध्यें चक्की नदीच्या पुरांत पठाणकोटजवळचा पूल कोसळला आणि त्या बाजूची वाहतूक तुटली. नदीच्या पात्रांतील वाळू व दगड बेसुमार उपसल्यानें पुलाचा पाया उघडा पडला, अशी ओरड त्यापूर्वींच होत होती.

चामुंडेचें देऊळ बाणेर नदीच्या कांठीं आहे. मूळ स्थान वर डोंगरांत; वृद्ध भक्तांना तेथवर चढवेना म्हणून देवी खालीं आली, असें सांगतात. चंड आणि मुंड यांना मारणारी म्हणून चामुंडा, आणि शेजारीं नंदिकेश्वर महादेव. नदीच्या कांठावरच स्मशान आहे. एका बाजूला चितेचा धूर, दुसऱ्या बाजूला नवरात्राची गर्दी, आणि मधल्या थंडगार पाण्यांत खडकांवरून उड्या मारणारीं पोरें. कोणाला त्यांत विसंगति वाटत नाहीं. मोठीं माणसें कांठच्या दगडांवर बसतात, पाय पाण्यांत सोडतात. म्हाताऱ्या बायका पदराच्या गांठी सोडून पांच देवींच्या पांच पुड्या ओळीनें मांडतात आणि घरीं कोणाला कोणती द्यावयाची तें ठरवितात. ज्वालामुखीच्या खडीसाखरेची पुडी हमखास ओली झालेली असते. ती दुसऱ्या कागदांत बांधावी लागते.